बाबूअण्णांची दोन बोटं

बोलपट पाहून आले की बाबूअण्णा आपलं मत तोंडानं सांगत नसत. "अण्णा, कसा हाय?" असं कुणी विचारलं की ते खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातावर टाकत आणि खालून त्याची बोटं दाबत. पाच बोटं म्हणजे उत्तम. एक बोट म्हणजे तिकिटाचे पैसे कृष्णेत गेले. एकदा गल्लीतल्या एका सोवळ्या काकूंनी चुकून विचारलं, तेव्हा अण्णांनी जवळ उभ्या असलेल्या त्यांच्या पुतण्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या बोटांवर भाव कळवला.

सांगलीच्या हळदपेठेत तेव्हा सौदे असेच होत. भाव मोठ्यानं बोलायचा नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि ठरल्यावर खाली काय झालं ते कुणाला सांगायचं नाही. अण्णांचा सगळा जन्म या पेठेत गेला. ते आमच्या अडतीत माल पारखत. हळकुंड मोडत, कानाशी धरत, हुंगत आणि म्हणत, "ओला हाय." हेच ते माणसांबद्दल, लग्नाच्या जेवणाबद्दल आणि मालकांच्या भाषणाबद्दलही म्हणत. मी त्याच अडतीत कारकून होतो. मॅट्रिक झालेला मी एकटाच, म्हणून ते मला नावानं न हाकारता 'मॅट्रिक' म्हणत.

अण्णा मूळचे उंब्रजकडचे. बायको वारलेली. एकुलता मुलगा सदा पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला होता, समुद्रापलीकडे. पहिल्यांदा पत्रं आली, मग थांबली. "साताऱ्याला लष्करी कचेरी हाय, तिथं जाऊन इचारा की," असं सगळे सांगत. अण्णा म्हणत, "सरकार वाईट तेवढं झटक्यानं कळवतं. कळवलं न्हाई, म्हंजे पोरगं हाय." फारच कुणी मागं लागलं तर म्हणत, "जातो की. हंगाम सरू दे." हंगाम सरला, पुढचा आला, तोही सरत आला.

अण्णांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत होती, म्हणून मला माहीत आहे की ते दाराला आतून कडी लावत नसत.

"आवं अण्णा, चोर शिरंल," मी म्हणायचो.

"शिरंना का. काय न्हेतोय, घोंगडं? ढकलल्यावर दार उघडाय पायजे गड्या."

अशात फिरत्या तंबूत तो बोलपट आला. नाव सांगत नाही. सांगितलं तर माझ्या वयाचे लोक पुन्हा डोळे पुसत बसतील. गोष्ट साधी होती. म्हाताऱ्याचा मुलगा बोटीवर कामाला जातो. म्हातारा वाट पाहतो. दाराची कडी वाजली की विचारतो, "आलास?" शेवटी एक अनोळखी माणूस मुलाची ट्रंक घेऊन येतो आणि म्हातारा तिला मिठी मारून रडतो. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाचं पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं होतं. सांगलीनं त्याहून जास्त केलं. लोक दाढी वाढवून हिंडू लागले. कुणी दुकानात शिरलं की दुकानदार खर्जातल्या आवाजात "आलास?" म्हणू लागले. मी स्वतः इतका रडलो होतो, की शेजारच्या माणसानं आपला रुमाल दिला आणि परत मागितला नाही.

अण्णांनी मात्र त्याला दोन बोटं दिली.

पेठ खवळली. समोरचा चहावाला गणू त्यांना चहा देईना. "दोनच? आवं, दगुड बी रडतोय त्या ट्रंकंपाशी."

"माल हाय," अण्णा म्हणाले, "पर ओला हाय. कडी वाजली की बाप बसून इचारतो व्हय, आलास म्हणून? त्यो उठतोच. गुडघं मोडलं तरी उठतो. ह्यो गडी चटईवर बसलाय जावयागत."

"मग रोज कशाला जाताय बघाय?"

"आज उठंल म्हणून."

हे खरं होतं. अण्णा रोज जात. बाकाच्या टोकाला, वाटेलगत बसत. आणि पडद्यावर लांबून तो ट्रंकवाला येताना दिसला की वहाणा शोधत उठत. मागचे ओरडत, "अण्णा, खाली बसा." ते म्हणत, "खेळ सुटला की गर्दी व्हतीया बाबा." मग तंबूबाहेर फुटाणे खात बसत आणि लोक बाहेर आले की मागेल त्याला दोन बोटं देत. त्यांनी शेवट कधीच पाहिला नव्हता. गणू म्हणे, "अर्धं पोतं बघून भाव करणारा पारखी." पेठ हसे. मीही हसे. सदाची पत्रं थांबली आहेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायची बुद्धी मॅट्रिकलासुद्धा झाली नाही.

बोलपट साताऱ्याला हलणार असं ठरलं, तेव्हा पेठेनं बेत केला की शेवटच्या खेळाला अण्णांना उठू द्यायचं नाही. वाटेच्या बाजूला मी बसायचं, कारण माझ्यावर ते रागावत नसत.

ट्रंकवाला दिसला. अण्णा उठू लागले. मी पाय समोरच्या बाकाला लावले.

"मॅट्रिक, पाय काढ."

"आज न्हाई अण्णा. आज पुरं बघायचं."

"काढ रं बाळा," ते म्हणाले. बाळा त्यांनी मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. मागून पोरं खिदळत होती. मी पाय काढले नाहीत.

अण्णा बसले. ट्रंक दारात टेकली. तेवढ्यात माझ्या हातावर उपरणं पडलं आणि खालून त्यांची बोटं आली. पहिल्यांदा दोन बोटं दाबली. मग तीन. मग पाची. मग भाव राहिलाच नाही, माझा पंजा त्यांनी नुसता धरून ठेवला, दिवे लागेपर्यंत. पडद्याकडे पाहायचं मला सुचलं नाही.

बाहेर सगळे थांबले होते. गणूनं विचारलं, "काय भाव दिला रं अण्णानं?"

मी म्हणालो, "दोन."

हशा पिकला. अण्णांची लाज राखायला तसं म्हणालो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे हशा तयार होता आणि मला तो मोडवला नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅट्रिक म्हणतोय त्येच," ते म्हणाले आणि चालू लागले.

मग ते साताऱ्याला गेले. पेठेत बातमी झाली, की बोलपटाला नावं ठेवायला म्हातारा तंबूच्या मागोमाग गेला. ही गोष्ट सांगलीत अजून सांगतात, दोन बोटांसकट. ज्यांनी अण्णांना पाहिलंही नाही, तेही सांगतात. म्हणून हे लिहून ठेवतो. भाव दोन नव्हता. आणि साताऱ्याला ते तंबूत गेले नव्हते, कचेरीत गेले होते. इतके दिवस जे विचारायचं टाळलं, ते विचारायला.

परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी ओट्यावर होतो. "अण्णा, काय कळलं?" मी विचारलं.

ते शेजारी बसले. खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं. खालून त्यांचा हात आला. मी वाट पाहिली. एकही बोट दाबलं गेलं नाही. हात तसाच पडून राहिला, साताऱ्याच्या धुळीनं खरखरीत.

मग त्यांनी उपरणं उचललं, नीट घडी करून खांद्यावर टाकलं आणि घरात गेले. मी तिथंच बसून होतो. थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला. गंजलेली कडी होती, लवकर बसेना. दोन-तीनदा हिसके दिल्यावर लागली.