नांदेड ते लातूर, न्यूझीलंडमार्गे

जवळची जागा लांबच्या जागेपेक्षा जवळ असते, ही गोष्ट जगातल्या सगळ्या सरकारांनी मान्य केलेली आहे. निजाम सरकारही त्याला अपवाद नव्हतं. या एका तत्त्वावर तर राज्यं चालतात. टपाल चालतं, मोटारी चालतात, प्रवासभत्ता चालतो. (भत्ता सगळ्यात आधी चालतो.) फसली सन तेराशे सत्तेचाळीसात, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतिसात, या तत्त्वाला अख्ख्या मराठवाड्यात एकाच माणसानं बाधा आणली, आणि तो माणूस म्हणजे नांदेडच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर, रेणुकादास.

मास्तरांना बिनतारीचा नाद होता. माळवदावर दोन बांबू, बांबूंच्या मध्ये ताणलेली तांब्याची तार, खाली खोलीत बॅटऱ्या, काचेचे दिवे आणि भिंतीवर रीतसर सरकारी परवाना. त्या यंत्रावर ते कधी आफ्रिकेशी बोलत, कधी ऑस्ट्रेलियाशी. बोलणं साधारण असं व्हायचं: तुम्ही ऐकू येताय, मी येतोय का, आमच्याकडे ऊन आहे, नमस्कार. एवढ्यासाठी माणूस अर्धा पगार बॅटऱ्यांवर घालतो, याला शास्त्राची सेवा म्हणतात. इंदूबाई, म्हणजे मास्तरांची बायको, त्याला वेगळं काहीतरी म्हणायच्या. ते इथं देता येत नाही.

आता कुठलीही नवी गोष्ट आली की तिच्यामागून गैरसमज येतातच. माणिकप्पा तेल्याची म्हैस आटली, कारण आफ्रिकेचं बोलणं तिच्या डोक्यावरून जायचं. पावसाचे ढग मास्तरांच्या तारेला अडून परभणीकडे वळायचे, हे तर बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि सगळ्यांत पक्का गैरसमज असा, की जितकं लांब बोलायचं तितकं मोठ्यानं ओरडावं लागतं. मास्तरांचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येत नाही, तेव्हा तो ऑस्ट्रेलियाला काय कपाळ जाणार?

हे सगळे गैरसमज दूर करायला सरकारनं 'रफा-ए-गलतफहमी कमिटी' नेमली. सभासद म्हणून ज्यांचे गैरसमज सर्वांत दांडगे होते त्यांनाच घेतलं, कारण विषयाचा अनुभव दुसऱ्या कुणाला होता? दोघे सभासद ठार बहिरे होते. (कुणाच्या सांगण्याला भुलू नयेत म्हणून.) अध्यक्ष बापूसाहेब वकील, आणि कामकाज पाहायला कचेरीतले पेशकार खाजामियाँ. पहिल्याच बैठकीत म्हशीची तपासणी झाली. ती गाभण निघाली. तेव्हा आफ्रिकेवरचा आरोप वाढवावा की मागे घ्यावा, यावर बराच खल झाला.

मग खाजामियाँनी पान गालात सारलं आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "मास्तरसाब, न्यूझीलंड तलक बात होती बोलते. तो अपना लातूर तो यूँ लगता होंगा?"

मास्तरांना घाम फुटला. "लातूर... लातूर लागत न्हाई."

कमिटी बसल्या जागी उडाली. बहिऱ्यांनाही शेजाऱ्यांनी ओरडून सांगितलं, तेव्हा तेही उडाले.

"हे बघा," मास्तर काकुळतीला आले. "पंगतीत जिलबीचा वाढपी कसा पळतो? स्वयंपाकघरातून निघतो तो दारापाशी बसलेल्यांना ओलांडून थेट पार टोकाच्या पानावर जातो. तसंच हाय. लाट वर आभाळाला लागून खाली येती, ती लांब पडती. मधले कोरडे राहतात."

बापूसाहेबांना शास्त्र तत्काळ समजलं. गेल्याच लग्नात ते दारापाशी बसले होते आणि त्यांना जिलबी मिळाली नव्हती. ती आठवण होऊन ते लालबुंद झाले आणि त्यांनी तिथल्या तिथं हुकूम सांगितला: येत्या शुक्रवारी सकाळी (कचेरीला सुट्टी असते, त्यामुळे सरकारी कामाला सवड मिळते) मास्तरांनी कमिटीसमोर लातूर लावून दाखवावं. न लागल्यास न्यूझीलंड हे थोतांड समजून यंत्र जप्त. लातुरात ज्या कुणाकडे असं यंत्र असेल त्यानंही त्या वेळी यंत्रापाशी हजर राहावं.

लातुरात असं यंत्र एकाच माणसाकडे होतं आणि तो मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ होता. मार्तंड. दोघं भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं असं. मास्तरांच्या लताचं लग्न ठरलं. भावाला आवतण द्यायचं तर हातात अक्षत घेऊन जावं, उंबऱ्यावर उभं राहावं, कुंकू लावावं, ही रीत. पण मास्तरांच्या डोक्यात हवा गेली. मराठवाड्यातलं पहिलं बिनतारी आवतण आपण द्यायचं! इंदूबाई कडाडल्या, "अहो, सख्ख्या भावाला पोस्टकारड चालत न्हाई, अन् तुम्ही टकटक करून बोलावून राहिले?" पण ऐकतं कोण. परवान्यात इंग्रजीचीच अट, म्हणून मास्तरांनी पाठच्या भावाला इंग्रजीत, तारखात्यासारखं टकटक करत कळवलं: मुलीचं लग्न आहे, सहकुटुंब यावं. एरवी न लागणारं लातूर त्या दिवशी लागलं असं त्यांना वाटलं, कारण थोड्या वेळानं अगदी क्षीण, नाव न कळणारी टकटक परत आली: पोचलं. आभारी आहे. येता येत नाही.

बस्स, एवढंच. पुतणीच्या लग्नाला सख्खा काका तीन शब्दांत नाही म्हणतो! मास्तरांना ते फार लागलं. लग्नात ते कितीदा तरी उगाच दाराकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी मार्तंडाचं नाव टाकलं. मार्तंडानंही टाकलं. त्यानं का टाकलं, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे आधी बोलावं लागलं असतं.

शुक्रवारी कमिटी मास्तरांच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. बापूसाहेबांनी अध्यक्ष या नात्यानं पहिली हाक स्वतः मारली. लातूरकडे तोंड करून ते असे ओरडले की रस्त्यानं जाणारा टांग्याचा घोडा उधळला. यंत्राच्या कर्ण्यातून नुसती खरखर. मास्तरांनी हाका मारल्या, बटणं फिरवली, डोळे मिटून गजाननाचं नाव घेतलं. लातूर काही लागेना. खाजामियाँनी जप्तीसाठी आणलेलं गोणपाट हळूच उलगडलं. मास्तरांनी तिकडे पाठ फिरवून पुन्हा बटणाला हात घातला. पुन्हा हाक मारताना त्यांचा आवाज चक्क रडवेला झाला होता.

आणि कर्णा बोलला. खणखणीत, शेजारच्या ओसरीवरून बोलावा तसा.

"नांदेड! न्यूझीलंडहून हॅमिश बोलतोय, मेंढ्यांवाला. बरे सापडलात बुवा! तीन वर्षं मनाला खातंय. तुमच्या मुलीच्या लग्नाला मला येता आलं नाही, मेंढ्यांची कातरणी होती. तसं कळवलं होतं, पण फार तुटक कळवलं. राग नाही ना धरला?"

बापूसाहेबांनी भाषांतर करून सांगितलं. दारातून इंदूबाई म्हणाल्या, "अगं बाई!"

मास्तरांना सगळं एकदम कळलं. जिलबी टोकाच्या पानावर पडली होती. मार्तंडाला आवतण गेलंच नव्हतं. तो तिकडे तीन वर्षं, सख्ख्या भावानं पुतणीच्या लग्नाला बोलावलं नाही म्हणून जळत होता. मास्तरांना इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की त्यांचं इंग्रजीच पळालं. सावरून ते कसेबसे म्हणाले, "हॅमिशसाहेब, लातूर ऐकू येतं का तुम्हाला?"

"येतं की! केव्हाचा गप्प बसून आहे. नुसता खाकरतोय."

"त्याला सांगा... ते आवतण त्याचं होतं म्हणावं."

मग न्यूझीलंडचं बोलणं काही वेळ लातूरशी चाललं. नांदेडला त्यातली एकच बाजू ऐकू येत होती. "हो, मीच... नाही, मी कोण लागणार, मी मेंढ्यांवाला... हो, सहकुटुंब म्हणाले होते..." मग हॅमिश नांदेडकडे वळला. "लातूर म्हणतंय, दादाला सांगा. दादा म्हणजे काय? ते पुढे काही बोलतच नाहीत. बहुतेक सर्दी झालीय, सारखं नाक शिंकरतायत. थांबा, आता विचारतायत, लता सुखात आहे का?"

"आहे म्हणावं," मास्तर म्हणाले आणि त्यांना झालेली सर्दी कमिटीनं प्रत्यक्ष पाहिली. खाजामियाँनी त्याच गोणपाटाला डोळे पुसले.

तरीही कमिटीला भावनेत वाहून चालत नव्हतं. नांदेडहून लातूरला निरोप गेला, हे सिद्ध. तो न्यूझीलंडवरून गेला, हेही सिद्ध. ज्या गावाला जाताना वाटेत न्यूझीलंड लागतं, ते गाव न्यूझीलंडच्या पलीकडे असतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तसा ठराव झाला. लातूर समुद्रापार ठरल्यामुळे तिकडे फिरतीवर जाणाऱ्या अंमलदारांना परदेशी भत्ता लागू झाला, आणि त्या दिवसापासून कचेरीत बिनतारीविषयी एकही गैरसमज शिल्लक राहिला नाही. यंत्राला कुणी हात लावायची बिशाद नव्हती. जळकोट, उमरीकडूनही मागणी आली, की आमच्यावरही अशीच कमिटी बसवा.

पुढच्याच शुक्रवारी मास्तर हातात अक्षत घेऊन, तीन वर्षं शिळ्या लग्नाचं आवतण द्यायला, मोटारीनं लातूरला गेले. मार्तंडाच्या बायकोनं, विशाखानं, पाट मांडले, शिरा केला. दोघं भाऊ समोरासमोर बसले. मास्तर म्हणाले, "ऊन लई हाय." मार्तंड म्हणाला, "हाव." मग दोघं शिऱ्याकडे बघत राहिले. एवढं साठलेलं, पण समोर बसल्यावर एक शब्द फुटेना. संध्याकाळच्या मोटारीनं मास्तर परत आले. शनिवारी सकाळी यंत्रापाशी बसून त्यांनी हॅमिशला सांगितलं, "त्याला विचारा, तब्येत का उतरलीय एवढी? अन् शिरा छान झाला होता, हे सांगायचं राहिलं."

ते तसंच चाललं. रोज सकाळी, लढाई लागून सरकारनं यंत्रं बंद करेपर्यंत. हॅमिशला शेवटी 'दादा' म्हणजे काय ते कळलं आणि तोही मास्तरांना दादाच म्हणू लागला.

हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. जरूर हसा, कमिटीचीही हरकत नव्हती. फक्त आज रात्री जेवणाची वेळ होईल, तेव्हा स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणेल, "बाबांना सांग, पान वाढलंय," आणि चार हातांवर बसलेले बाबा ते ऐकून म्हणतील, "आईला सांग, येतो." तेव्हा मध्ये उभं राहून निरोप पोचवणारं ते पोर नीट बघा. तुमच्या घरचं न्यूझीलंड ते. त्याची मेंढ्यांची कातरणी कधी निघेल अन् निरोप मध्येच कधी राहील, काही सांगता येत नाही.