फौजदाराचा खुराक

"कामाच्या दिवशी दोन वाडगे, बसून असेल त्या दिवशी एकच," असं जनावरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आणि श्वानचालकाच्या बायकोनं तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवून टाकला.

फौजदार हा बचाव दलातला कुत्रा. इमारत कोसळली की ढिगाऱ्यात शिरायचं, अडकलेला माणूस हुंगून काढायचा आणि त्याच्यापाशी उभं राहून घसा फुटेस्तोवर भुंकायचं, हे त्याचं काम. राहायला मात्र तो आपल्या चालकाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर.

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पण त्यानंतर दोन महिने गावात एक भिंतसुद्धा पडली नाही. तशी आनंदाचीच गोष्ट. फौजदार तेवढा एका वाडग्यावर आला.

"अगं, घाल की थोडं. बघ कसा बघतोय."

"बघणं म्हणजे काम नव्हे," बायको म्हणाली. "काय शोधलं त्यानं आज? तुमचे मोजेसुद्धा मीच शोधले."

एका दुपारी फौजदार माळ्याकडे तोंड करून भुंकायला लागला. शिडी लावून पाहिलं, तर सकाळी मुलाखतीला म्हणून बाहेर पडलेला मेहुणा गाद्यांमागे घोरत होता. बायकोनं भावाला कान धरून खाली उतरवलं आणि फौजदाराला दोन वाडगे वाढले. "माणूस शोधलाय त्यानं. नियम म्हणजे नियम."

फौजदाराला गणित कळलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या टाकीमागे, घरात बंदी असलेली सिगारेट ओढणारे शेजारचे हेडमास्तर सापडले. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरची टेलरीण. दाराला बाहेरून कुलूप, दारात तीन खवळलेली गिऱ्हाइकं आणि ही शिलाई मशीनच्या टेबलाखाली. इमारतीत कुणाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आधी शहाणे झाले हेडमास्तर. फौजदार टाकीपाशी येताच त्यांनी खिशातून उकडलेलं अंडं काढलं. "गप रे राजा. खा आणि जा." टेलरीण कोंबडीचे तुकडे ठेवू लागली, मेहुणा उशाशी बिस्किटं. भुंकलं तर घरचे दोन वाडगे, आणि न भुंकता तीन ठिकाणचा पाहुणचार. फौजदार काही खुळा नव्हता.

महिन्याभरात त्याचं पोट गोणीसारखं झालं. डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवला.

"चार किलो वाढलाय! एकच वाडगा देताय ना?"

"एकच हो."

"मग काय वारा पिऊन फुगला?"

चालक बिचारा बायकोकडे संशयानं बघू लागला आणि बायको त्याच्याकडे.

अशातच फौजदाराची वार्षिक परीक्षा आली. दलाच्या ड्रायव्हरला विटांच्या ढिगाखालच्या पाइपात लपवला होता. वरून आलेले परीक्षक वही उघडून उभे, शेजारी दलप्रमुख.

फौजदार डुलत डुलत गेला, पाइपाशी थांबला आणि मुकाट्यानं बसला. मग एक पंजा आत घातला. तोंडाला लाळेची धार लागलेली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"अरे, भुंक ना बाबा!" आतून ड्रायव्हर कळवळला. "पाठ मोडली माझी!"

परीक्षक म्हणाले, "माणूस सापडलाय, पण हा कळवत का नाही?"

कालच टेलरिणीच्या दारात फौजदार असाच पंजा पुढे करून बसलेला चालकानं पाहिला होता. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "साहेब," तो खाली मान घालून म्हणाला, "तो खाण्याची वाट बघतोय. गप्प बसल्याबद्दल मिळतं ते."

"एक महिना देतो," दलप्रमुख कडाडले. "नाही सुधारला, तर कुत्रा दलातून बाद आणि तू गोदामात!"

चालकानं त्याच संध्याकाळी सगळ्यांची दारं ठोठावली. आधी सगळ्यांनीच कानांवर हात ठेवले. हेडमास्तर तर म्हणाले, "अंडी? मी सिगारेट ओढतच नाही!" शेवटी टेलरिणीला दया आली. तिनं कबूल केल्यावर बाकीचेही वरमले, आणि प्रायश्चित्त म्हणून तिघेही सरावाला उभे राहिले. रोज संध्याकाळी आपापल्या जागी लपायचं. फौजदार भुंकेपर्यंत घास नाही, आणि भुंकल्यावरही फक्त चालकाच्या हातून, मोजून. टाकीमागे हेडमास्तर लपले की त्यांची बायको खुर्ची टाकून बघायला बसायची. सिगारेटची चवच गेली.

महिन्यानंतरच्या परीक्षेत शिट्टी वाजली आणि फौजदार बाणासारखा सुटला. चौथ्या मिनिटाला त्यानं पाइपापाशी असं काही भुंकायला सुरुवात केली, की ड्रायव्हर कानात बोटं घालून बाहेर आला. चालकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण फौजदार थांबला नाही. वळला, मैदान ओलांडलं आणि कोपऱ्यातल्या जीपपाशी जाऊन पुन्हा भुंकायला लागला. परीक्षकांनी मागचं दार उघडलं. आत, घड्याळ लावून वेळ मोजायचं काम ज्यांच्याकडे होतं, ते दलप्रमुख बूट काढून गाढ झोपले होते.

परीक्षकांनी वहीत लिहिलं, 'एकूण शोध: दोन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दलप्रमुख स्वतः चालकाच्या दारात. हातात भलामोठा डबा.

"परीक्षक पुढच्या आठवड्यात परत येतायत," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "काय रे, याला खायला काय आवडतं?"

"साहेब, बाहेरचं सगळं बंद केलंय त्याचं."

दलप्रमुख जवळ सरकले. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"बरं. तुला काय आवडतं?"