चौदा नंबरची डबी

चौदा नंबरची डबी रिकामी आहे, हे मंगळवारी कळले. तोवर प्रकल्प सुरू होऊन आठ महिने झाले होते. विद्यापीठाचे विद्यार्थी आणि 'मूळस्वर' नावाची संस्था मिळून आदिवासींचा इतिहास जपणार होते. त्याबद्दल विद्यार्थ्यांना चार क्रेडिट मिळणार होते. आदिवासींना काय मिळणार, ते पुढच्या टप्प्यात ठरणार होते.

कॅसेट्स कृष्णकांतरावांच्या बायकोच्या. सुनेत्राबाई विद्यापीठात शिकवायच्या. तीस वर्षांपूर्वी मेळघाटात राहून त्यांनी कोरकू म्हाताऱ्यांचे बोलणे टेप केले होते. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. चंदीगडजवळ झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये बत्तीस डब्या, एक टेपरेकॉर्डर आणि कृष्णकांतराव उरले. डब्या प्रकल्पातल्या मुलांनी नेल्या. नेताना प्रत्येक डबीचा फोटो काढला. उघडली एकही नाही.

"अंकल, एक प्रॉब्लेम है," ओजस फोनवर म्हणाला. हा प्रकल्पातला विद्यार्थी, चंदीगडमध्येच वाढलेला मराठी मुलगा. मराठी त्याला कळायची, पण तोंडातून बहुतेक हिंदीच यायची. "चौदा नंबर काचेच्या कपाटात ठेवायला उघडली, तो अंदर कॅसेट ही नहीं है."

"मग बाकीच्या ऐकताना दुसऱ्या एखाद्या डबीत गेली असेल."

"ऐकल्या कुठे? पहले लिसनिंग पॉलिसी बनेगी ना."

"म्हणजे?"

"आपण कोण ऐकणारे, हा सवाल आहे, अंकल. उस पर तीन मीटिंग हो चुकी हैं."

चौदा नंबरवर सुनेत्राबाईंच्या अक्षरात लिहिले होते, 'बुधियाबाई कासदेकर. गाव कसं उठवलं.' बुधियाबाई आता नव्हत्या. त्यांची नात फुलवंती हिने या कॅसेटसाठी संस्थेला चार पत्रे लिहिली होती. उठवलेल्या गावाचा जुन्या जागेवर वनहक्काचा दावा होता. जुने गाव कुठून कुठवर होते, नाला कुठला, मोहाची झाडे कुठली, माणसे कुठे पुरायचे, हे सगळे आजीने त्यात सांगितले होते. ते सांगणारे दुसरे कोणी उरले नव्हते. सुनावणी येत्या सोमवारी होती. संस्थेने चारही पत्रांना उत्तर दिले होते, 'आपल्या सहभागाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.'

कृष्णकांतराव संस्थेत गेले. देवयानी तिथली समन्वयक.

"कपाटाखाली बघितलंत का?" त्यांनी विचारले.

"काका, आम्ही 'हरवली' म्हणत नाही. त्यात कुणावर तरी दोष येतो. आम्ही 'अनुपस्थित' म्हणतो."

"बरं. मग ती कपाटाखाली अनुपस्थित आहे का, बघितलंत?"

बघितले नव्हते. उपसमिती नेमली होती. ओजसने 'अनुपस्थित कॅसेट' या विषयावर निबंध लिहायला घेतला आणि तो परिषदेत वाचायचेही ठरले. गुरुवारी कॅसेटसाठी सामूहिक शोकसभा ठेवली. तीत बोलायला फुलवंतीला तिकीट पाठवून बोलावले.

"काका, तुम्हीपण या ना," देवयानी म्हणाली. "तुम्हाला दुःखाचा अनुभव आहे."

"आहे. पण मी ते घरीच करतो."

गुरुवारी सकाळी फुलवंती चंदीगडला सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. स्वागत समितीची स्वागताबद्दल मीटिंग चालू होती. तिच्याकडे आजीला आलेले सुनेत्राबाईंचे जुने पत्र होते. त्यावरच्या पत्त्यावर ती रिक्षा करून आली.

"काकाजी, मी बुधियाबाईची नात. बाई आहेत का?"

"नाहीत. दोन वर्षं झाली. ये, बस. चहा ठेवतो."

सकाळच्या चहाच्या वेळी कृष्णकांतराव रोज एक काम करायचे. बायको गेल्यावर टेपरेकॉर्डरमध्ये एक कॅसेट सापडली होती. सुरुवातीला चाळीस सेकंद सुनेत्राबाई बोलायच्या. "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. अहो, पंखा बंद करा ना, सगळा त्याचाच आवाज येतोय." मग तरुण कृष्णकांतराव म्हणायचे, "करतो." तेवढे झाले की ते बटण दाबून टेप मागे न्यायचे. ती चाचणीची कॅसेट आहे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. पुढे काही नसणार. आणि ते 'काही नाही' ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

आजही सवयीने त्यांनी बटण दाबले. उठून पंखा बंद केला. तेवढ्यात दूध उतू गेले आणि ते स्वयंपाकघरात धावले.

टेप चालू राहिली. थोडी खरखर झाली. मग कोंबडा आरवला. मग एक म्हातारी बोलू लागली.

"काकाजी!" फुलवंती ओरडली. "आजी! ही माझी आजी आहे!"

कृष्णकांतराव सांडशीत पातेले धरून दारात उभे राहिले. चौदा नंबर दोन वर्षे त्यांच्याच टेबलावर होती.

फुलवंतीने टेप मागे नेली, मोबाइल टेपरेकॉर्डरला टेकवून ठेवला आणि वही उघडली. "पंखा लावू नका हं," ती म्हणाली. आठ महिन्यांचे काम पाऊण तासात झाले. धोरण ठरवायचे राहून गेले. कृष्णकांतरावांना कोरकू येत नव्हती. पण मध्येच सुनेत्राबाई खळखळून हसल्या, तेवढे त्यांना कळले. त्यांनी तोंड खिडकीकडे केले.

मग त्यांनी ओजसला फोन लावला. "कॅसेट सापडली."

ओजसने आवाज खाली आणला.

"किसी को बताया तो नहीं, अंकल? माझा पेपर अनुपस्थितीवर आहे. शनिवारी वाचायचाय. तब तक अनुपस्थित रहने दो ना, प्लीज."

"आणि आजची शोकसभा?"

"ती पक्की आहे, यार. सॉरी, अंकल. समोसे आ चुके हैं."

"चला काकाजी," फुलवंती वही पिशवीत घालत म्हणाली. "एवढ्या लांब आलेय, तर समोसा खाऊन जाऊ."

सभेत अनुपस्थित आवाजासाठी दोन मिनिटे शांतता पाळली. फुलवंतीने ती मान खाली घालून पाळली, मोबाइल हातात घट्ट धरून. तिला सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. संध्याकाळच्या बसने ती गेली.

सोमवारी तिने आजीचे सांगणे लिहून दाव्याला जोडले. ओजसच्या निबंधाला बक्षीस मिळाले. चौदा नंबरची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच आहे आणि कृष्णकांतराव आता ती शेवटपर्यंत ऐकतात. संस्थेकडच्या एकतीस कॅसेट्स अजून कोणी ऐकलेल्या नाहीत.