वाण वीस बोअरचं

चूक तुमची आहे, साहेब. नेमबाजी क्लबातल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वर्षानुवर्षं तुमच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात जात होत्या, तेव्हा तुमचा नियम कुठं झोपला होता? हिशेबनीस सदानंदनं पिशवीभर घरी नेल्या आणि तुम्हाला एकदम सुरक्षा आठवली.

नेल्या त्या बायकोच्या सांगण्यावरून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला सुजाताला काहीतरी वेगळं हवं होतं. वाट्या आणि चाळण्यांनी इथं आखातात सालमियातल्या मराठी बायकांची कपाटं तुंबली होती. बारा बोअरच्या पुंगळ्या तिनं "फार धिप्पाड" म्हणून नाकारल्या. वीस बोअरच्या पिवळ्या पुंगळीत हळद, चारशेदहाच्या करंगळीएवढ्या लाल पुंगळीत कुंकू. बंदुकीच्या दारूचा वास जाईपर्यंत धुतल्या, वाळवल्या, वर खणाच्या कापडाची टोपी. बायका हरखल्या. शेजारणीनं, अंतरानं, फोटो काढून सगळीकडे पाठवला आणि तो फिरत फिरत जहऱ्याकडच्या क्लबात, थेट तुमच्या टेबलावर आला.

तुम्ही फर्मान काढलंत: गुरुवारपर्यंत सगळ्या पुंगळ्या सुरक्षा अधिकारी लैलाबाईंकडे जमा, नाहीतर नोकरी गेली. आणि नोकरीबरोबर अकामाही, म्हणजे इथं राहायचा परवानाही, हे सदानंदला कुणी सांगायला नको होतं.

"दिलेलं वाण परत मागू? सवाष्णींकडून?" सुजातानं विचारलं.

"अगं, गाशा गुंडाळून जावं लागेल."

"जाऊ. गावात तोंड तरी दाखवता येईल. वाण मागितलं तर तेही नाही."

सदानंदनं चोरून अंतराला फोन केला. ती म्हणाली, "भावजी, वाण परत देत नसतात. फार तर पुढं दुसऱ्या कुणाला लुटता येतं."

रथसप्तमी अजून व्हायची होती. सुजातानं बुधवारी पुन्हा हळदीकुंकू केलं आणि लैलाबाईंनाच आमंत्रण धाडलं. बाई नटूनथटून आल्या. कुंकवाऐवजी त्यांना अत्तर लावलं, तिळगूळ दिला, आणि एकेकीनं आपापली जोडी त्यांच्या हातात ठेवली. सदानंद स्वयंपाकघराच्या दाराआडून मोजत होता. एकही पुंगळी कमी नव्हती. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली.

बाई निघाल्या तसा तो कागद-पेन घेऊन पुढं झाला. "मॅडम, सब जमा हो गया, इतना लिख दो."

लैलाबाईंनी पिशवी छातीशी धरली. "जमा? ये हदिया है, गिफ्ट. सब सिस्टर लोग मेरे को दिया." मग त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाल्या, "हदिया वापस माँगता है? ऐब, सदानंद, शरम की बात."

"बघा," सुजाता नवऱ्याला म्हणाली, "त्यांना कळतं."

तर साहेब, आज गुरुवार. पुंगळ्या तुमच्याच अधिकारीबाईंच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मांडल्यात, आणि सदानंद तुमच्या केबिनबाहेर रिकाम्या हातांनी उभा आहे. त्याला घालवायचं तर जरूर घालवा. पण त्याआधी लैलाबाईंच्या दारात जाऊन त्या परत मागायची छाती तुमच्यात आहे का? उत्तर द्या.