तीन भात

संपतराव शिर्के सव्वीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. माल तपासल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नव्हती. त्यामुळे बारावीनंतर भक्तीने कॉमर्स नको, कला आणि डिझाइनच्या कॉलेजात जायचं म्हटलं, तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. "आधी माल बघू," म्हणाले.

हे कॉलेज बडोद्यात गोत्रीच्या पुढे नवंच निघालं होतं. सत्त्याण्णव साल होतं आणि त्या बाजूला रोज काहीतरी नवं निघत होतं. सोसायट्या, एसटीडी बूथ, केबलवाल्यांची ऑफिसं. त्यात एक कॉलेज निघालं याचं नवल नव्हतं, पण तिथे नेमकं काय शिकवतात ते कुणाला सांगता येत नव्हतं.

"बाबा, तिथे बघायला शिकवतात," भक्ती म्हणायची.

"बघायला काय शिकायचं? डोळे आहेत ने?"

शेवटी दोघांचा करार झाला. मुलाखतीला संपतराव सोबत जातील आणि कॉलेज तपासतील. कॉलेजला भक्ती पसंत पडली आणि संपतरावांना कॉलेज, तर तिथे. यातलं एक जरी झालं नाही, तर कॉमर्सचा फॉर्म. त्याची शेवटची तारीख शनिवार. भक्तीने टाळीसाठी हात पुढे केला, संपतरावांनी टाळी दिली. त्यांनी प्रश्नांची यादीही करून ठेवली. एकूण अकरा प्रश्न. पहिला, इथून बाहेर पडलेली मुलं पुढे काय करतात. नववा, संडास स्वच्छ आहेत का.

फोन बुधवारी, संपतरावांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी आला. भक्ती हरणीला मावशीकडे गेली होती. फोनवर कॉलेजच्या ऑफिसातल्या पद्माबेन होत्या आणि लाइन खरखरत होती.

"भक्ती शिर्केना पप्पा? काले सवारे साडा नवे इंटरव्यू छे. एने कहेजो, पोतानी भात लईने आवे. त्रण भात. एक सादी, एक रंगीन, एक झीणी."

संपतरावांनी कानाला पेन्सिल लावलेलीच होती. ती काढून त्यांनी लिहून घेतलं.

"जाते बनावेली होवी जोईए हों! बीजानी नहीं चाले. ने बीजुं कंई लाववानुं नथी."

"कंई नहीं?"

"कंई नहीं. खाली भात."

फोन ठेवून संपतराव कागदाकडे बघत बसले. तीन भात. एक साधा, एक रंगीत, एक बारीक. स्वतः केलेला, दुसऱ्याचा चालणार नाही. चित्रांच्या कॉलेजात भात कशाला? त्यांना एकच गोष्ट खटकली. बाई भाताला 'पोतानी', म्हणजे 'स्वतःची', म्हणाली होती. बडोद्याची असती तर 'पोतानो भात' म्हणाली असती. काठियावाडकडची असणार, असं त्यांनी ठरवलं आणि तो विषय संपवला. पाच पिढ्या बडोद्यात काढलेल्या माणसाला गुजराती कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी त्यांनी शेजारच्या हिंमतरावांना विचारलं. हिंमतराव तीन वर्तमानपत्रं वाचत आणि त्यांना कधीच कसलं आश्चर्य वाटत नसे.

"अहो, त्यात काय?" हिंमतराव म्हणाले. "मार्केट ओपन झालंय. मोठमोठी हॉटेलं येतायत. आता भात नुसता शिजवून चालत नाही, त्याचं डिझाइन लागतं. बाहेरच्या देशात त्याच्या डिग्र्या आहेत."

"भाताच्या?"

"भाताच्या नाही हो. सगळ्याच खाण्याच्या. भातापासून सुरुवात करत असतील."

संपतरावांना पहिल्यांदाच ते कॉलेज जरा बरं वाटलं. चित्रांचं त्यांना काही कळत नव्हतं, पण भात ही समजण्यासारखी गोष्ट होती. फक्त भक्तीला भात येत नव्हता. तिची आई, इंदिराबाई, होत्या तोवर तिला कधी गॅसपाशी जावं लागलं नाही. त्या गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून संपतरावच स्वयंपाक करत. त्यांना खिचडी येत होती. तीही चमच्याने नाही, पळीने ओतावी अशी.

संध्याकाळी भक्ती आली. संपतरावांनी तिला कागदावरचा मजकूर मराठीत करून सांगितला.

"तीन प्रकारचा भात. साधा, रंगीत आणि बारीक. तू स्वतः केलेला."

"भात?" भक्ती पर्स हातात तशीच धरून उभी राहिली. "नक्की भातच म्हणाल्या?"

"माझं गुजराती काढतेस?"

"तसं नाही बाबा. पण तिथे काहीही करायला सांगतात म्हणे. गेल्या वर्षी सगळ्यांना एकेक झाडू दिला होता. म्हणाले, याचं काहीतरी करा."

"मग?"

"मग काय. झाडूपेक्षा भात बरा." जरा विचार करून ती म्हणाली, "आणि माझी फाइल?"

"भाताशिवाय काही आणायचं नाही. दोनदा विचारलं मी."

त्या फाइलमध्ये भक्तीने दोन वर्षांत काढलेलं सगळं होतं. ती कपाटातच राहिली.

गुरुवारी सकाळी साडेपाचला शिर्क्यांच्या घरात तीन पातेली निघाली. 'जाते बनावेली' या अटीचं संपतरावांनी काटेकोर पालन केलं. ते ओट्यापासून चार हात लांब स्टुलावर बसले, दोन्ही हात पाठीमागे धरले, आणि फक्त तोंडाने मदत केली.

"पाणी घाल अजून."

"बाबा, आई बोटाच्या पेरापर्यंत घालायची."

"तिचं पेर वेगळं. घाल अजून."

त्यामुळे साध्या भाताची खळ झाली. केशरी भाताला घरात केशर नव्हतं. खाण्याचा रंग होता, तो सांडला आणि भात गाजराच्या रंगाचा झाला. खाली तो लागलाही. तिसरा बारीक दाण्याच्या जीरासर तांदळाचा केला. तेव्हा संपतराव अंघोळीला गेले होते, म्हणून तो चांगला झाला.

तीन डबे भरले. संपतरावांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून डबा बांधायचे तीन रुमाल काढले. कारखान्यात ते रोज याच रुमालांत डबा न्यायचे. इंदिराबाई गेल्यापासून ते कँटीनमध्येच जेवत होते, म्हणून रुमाल घडी घालून पडले होते. त्यांनी गाठी मारल्या आणि डबे स्कूटरला अडकवून दोघं निघाली.

कॉलेजच्या व्हरांड्यात वीसेक मुलं बसली होती. कुणाकडे कापडाच्या गुंडाळ्या, कुणाकडे मोठाल्या फायली. संपतरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मुलीच्या कानाशी वाकले.

"बघ. एकानेही भात आणला नाहीये. सगळी नापास."

भक्तीने शेजारच्या मुलीच्या गुंडाळीकडे बघितलं. मग डब्यांकडे. तिचा चेहरा उतरायला लागला, तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

आत टेबलामागे दोघी होत्या. एक पद्माबेन, हातात मुलांची यादी घेऊन. दुसऱ्या शिकवणाऱ्या निरुपमा चित्रे, दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी चष्मा वर केला.

"भक्ती शिर्के. चल, भात दाखव."

संपतराव खूश झाले. त्यांनी स्वतः पुढे होऊन गाठी सोडल्या, तिन्ही डबे ओळीत मांडले आणि झाकणं काढली. खोलीत वेलदोड्याचा आणि करपल्याचा वास पसरला.

"आ शुं छे?" पद्माबेन म्हणाल्या.

"भात," संपतराव म्हणाले. "एक सादो, एक रंगीन, एक झीणो. छोकरीए जाते बनाव्यो छे. मी हात लावला नाही."

पद्माबेननी यादी तोंडावर धरली. यादी हलायला लागली. निरुपमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाल्या, "शिर्के, गुजरातीत कापडावरच्या नक्षीला भात म्हणतात. खायचा तो भात. नक्षी असते ती भात."

संपतरावांना फोनवरचं 'पोतानी' आठवलं. पाच पिढ्या एकदम खाली बसल्यासारख्या वाटल्या.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मुलीची नाही. तिची फाइल घरी आहे. मी स्कूटरवर जातो, तासाभरात आणतो."

"अकराला मला दुसरीकडे जायचंय. तासभर नाही."

"बाबा, राहू दे," भक्ती म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे शनिवार दिसत होता. ती डबे आवरायला लागली.

"थांब," निरुपमाबाई म्हणाल्या. "ते रुमाल इकडे दे."

त्यांनी पहिला रुमाल टेबलावर पसरला. मग दुसरा. चष्मा नाकावर आणून त्या वाकल्या. दोन्हींवर हळदीचे डाग होते, तेलाचे डाग होते आणि त्या डागांखाली निळे ठसे होते. एकावर भेंडीच्या चकत्यांचे, कोपऱ्यांत दाट आणि मधे विरळ. दुसऱ्यावर बटाटा कोरून केलेले बारीक मासे, एक ओळ इकडे तोंड करून, एक तिकडे.

"हे कुणी केलं?"

"मी. आठवीत असताना, सुट्टीत," भक्ती म्हणाली. "आईने जुनी चादर फाडून दिली होती."

"मधली जागा मोकळी का सोडलीस?"

"तिथे डबा बसतो. बसल्यावर दिसतच नाही. मग कशाला काढायचं?"

निरुपमाबाईंनी पद्माबेनकडे बघितलं. पद्माबेननी यादी खाली ठेवली. दोघी त्या दोन रुमालांवर बराच वेळ बोलत राहिल्या. संपतराव उभे होते. याच रुमालात त्यांनी चार वर्षं डबा नेला होता. रोज गाठ सोडली होती, रोज मारली होती. त्यावर मासे आहेत हे त्यांना आज कळत होतं.

"एक सादी, एक झीणी," निरुपमाबाई तिसरा रुमाल पसरत म्हणाल्या. "आणि ही तिसरी रंगीत, वा! काय वेल आहे!"

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. संपतरावांना वाटलंही तसं. पण भक्ती म्हणाली, "ती माझी नाही. ती आईची आहे."

"मग आईला सांग..."

"आई नाहीये."

निरुपमाबाईंनी तो रुमाल नीट घडी घालून संपतरावांच्या हातात दिला.

"मग नियमाने दोनच झाल्या," त्या म्हणाल्या. "तिसरी रंगीत हवी. अकराच्या आत करून दाखवशील? इथे रंग नाहीत. माझ्याकडे शाईची दौत आहे."

भक्तीने इकडेतिकडे बघितलं. मग पहिला डबा ओढला. "बाबा, तुमचा रुमाल द्या. खिशातला."

तिने साध्या भाताची खळ बोटाने घेतली आणि रुमालावर फासली. त्यांच्याच खिशातल्या कंगव्याने त्यात रेघा ओढल्या, सरळ, मग आडव्या, मग वळणाच्या.

"अगं, हे काय करतेस?" संपतराव म्हणाले.

"उत्तरायणला फाटलेला पतंग भाताने चिकटवतो ने? एकदा त्यावर मी शाईने डोळे काढायला गेले. जिथे भात वाळला होता तिथे शाई चढलीच नाही."

जूनचं ऊन कडक होतं. गॅलरीच्या कठड्यावर रुमाल वीस मिनिटांत पापडासारखा झाला. तिने वरून निळी शाई फिरवली, तीही वाळू दिली आणि रुमाल नळाखाली धरला. भात सुटून गेला. निळ्या रुमालावर पांढऱ्या लाटा उरल्या. एका कोपऱ्यात शाई पसरली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन शितं तशीच चिकटून होती.

"भातनी भात पाडी!" पद्माबेन म्हणाल्या आणि एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं हसू त्यांनी सोडून दिलं.

निरुपमाबाई रुमाल उजेडात धरून बघत होत्या. "भात मऊ होता म्हणून जमलं. मोकळा असता तर जमलं नसतं. पाणी कुणी सांगितलं?"

"मी," संपतराव म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"छान सांगितलंत." त्यांनी भक्तीच्या फॉर्मवर सही केली. "आमच्याकडून झालं. तुम्हाला काही विचारायचंय का?"

संपतरावांनी खिशातून यादी काढली. अकरा प्रश्न. त्यांनी पहिला वाचला, नववा वाचला. मग टेबलावरच्या डागाळलेल्या रुमालांकडे बघितलं, ज्यांच्याकडे या दोघी एवढा वेळ बघत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "माल चांगला आहे."

जाण्यापूर्वी जीरासर आणि केशरी दोन्ही डबे रिकामे झाले. केशरी भाताचा लागलेला भाग पद्माबेननी मागून घेतला. व्हरांड्यातली मुलं दारातून डोकावून बघत होती आणि आपण भात आणला नाही म्हणून त्यांना काळजी वाटायला लागली होती.

शनिवारी कॉमर्सचा फॉर्म कोराच राहिला. हिंमतरावांना सगळी हकीकत कळली तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मी म्हटलंच होतं," ते म्हणाले. "भातापासून सुरुवात करतात."

संपतराव पुन्हा कारखान्यात डबा नेऊ लागले. जेवायच्या सुट्टीत गाठ सोडायच्या आधी ते जरा थांबत. स्टोअरमधल्या लोकांना वाटायचं, साहेब देवाचं नाव घेतात.

सप्टेंबरात एका बुधवारी दुपारी घरचा फोन वाजला. लाइन तशीच खरखरत होती.

"शिर्केकाका? पद्माबेन बोलुं छुं. शनिवारे छोकरांओनुं प्रदर्शन छे. तमारे भात लईने आववानुं छे."

संपतरावांनी कानावरची पेन्सिल काढली, कागद ओढला, आणि या वेळी लिहायच्या आधी थांबले.

"बेन, एक मिनिट. मारो के मारी?"

पलीकडे पद्माबेन खळखळून हसल्या.

"बेउ, काका. डब्बो भरीने, ने भक्तीनी मम्मीनो पेलो वेलवाळो रूमाल बांधीने."

संपतरावांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. 'तो, एक.' आणि तिच्याखाली, 'ती, एक.' मग पहिल्या ओळीपुढे कंस करून त्यात घातलं, 'पाणी कमी.'