बायकोच्या लॅपटॉपचा वेग वाढवताना

कॉम्प्युटरच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये. अकरा वर्षं मी एका ऑफिसातले ऐंशी कॉम्प्युटर सांभाळले. मग ऑफिसनं कॉम्प्युटर ठेवले आणि मला घरी पाठवलं. त्याला आता चार महिने झाले. सध्या माझ्याकडे एकच खातं आहे, बेल वाजली की दार उघडायचं. त्यातही सासरे, गुडघे दुखत असूनही, माझ्या आधी पोचतात.

बायको घरांची, दुकानांची आतली सजावट करते. परवा सकाळी ती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याची उरलेली मापं घ्यायला निघाली. जाताना म्हणाली, "संध्याकाळी बाई इथे येणार आहेत. त्यांना दवाखाना स्क्रीनवर फिरवून दाखवायचाय. पण हा लॅपटॉप इतका अडखळतो, की दारापासून खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर पेशंटचा दात आपोआप पडेल."

"मी आहे ना," मी म्हणालो.

तिनं चपला घातल्या. हल्ली या वाक्यावर ती घाईनं निघते.

लॅपटॉपमधलं, स्क्रीनवर चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येतं. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. त्यासाठी मी इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं, तापमानावर लक्ष ठेवा. म्हणून तापमान दाखवणारं दुसरं घेतलं. त्यातला आकडा बघून पंखा सांभाळणारं तिसरं घेतलं. आणि कार्ड हे सगळं सोसतंय का ते बघायला चौथं, जे कार्डाला मुद्दाम छळतं. कंपनीचं एक आत आधीपासून होतंच. एका पंख्यावर पाच मालक झाले.

सासरे शेजारी येऊन बसले. "जावईबापू, काय चाललंय?"

"क्लॉक वाढवतोय. म्हणजे काम लवकर होतं."

"आमच्या ऑफिसात घड्याळ पुढे केलं, की लोक लवकर घरी जायचे," ते म्हणाले. "काम तेवढंच व्हायचं."

मी पन्नास मेगाहर्ट्झ वाढवले. काही बिघडलं नाही. शंभर वाढवले. दवाखान्याचं दार झटकन उघडलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं, त्यामुळे मी एकदम अडीचशेवर गेलो.

पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. तापमान सत्त्याण्णव. स्क्रीनवर हिरवे-जांभळे पट्टे आले आणि सगळं गोठलं. मी बटण दाबून लॅपटॉप बंद केला, परत चालू केला. परत पट्टे. 'सुरू होतानाच हा वेग लावा' या चौकटीवर खूण मीच केली होती.

सासऱ्यांना राहवेना. त्यांनी फ्रीजमधली आपली गुडघ्याची थंड पिशवी आणली. मी लॅपटॉप तिच्यावर ठेवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"सकाळी बरा होता. आता फार तापलाय... हो, थंड पिशवी लावलीय... नाही गं, काही प्रतिसाद नाही. नुसता घरघरतोय. तोंडावर पट्टे उमटलेत... रडतेस काय? एवढा जीव लावू नये. जुनाच झाला होता. दुसरा बघू."

फोन बायकोचा होता आणि 'तो कसा आहे' असं तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं, हे मला पंधरा मिनिटांनी कळलं. ती जिना चढून धापा टाकत आत आली. चपलाही काढल्या नाहीत. सरळ माझ्या कपाळावर हात ठेवला.

"कपाळ तर थंड आहे," ती म्हणाली.

मग तिला टेबलावरचा लॅपटॉप दिसला. पिशवीला घाम फुटून पाणी आतपर्यंत गेलं होतं. आमच्यादेखत स्क्रीन एकदा उजळला आणि काळा पडला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. "चार महिने तू धड बोलत नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा असं सांगायला लागल्यावर मला काय काय वाटलं असेल?"

सासरे पिशवी उचलून परत फ्रीजमध्ये ठेवून आले.

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडून बोटभर धूळ काढली. म्हणाला, "एवढी झटकली असतीत तरी नीट पळाला असता. आता पाणी गेलंय. संपला."

आज सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. परवा बायको त्यांच्या दवाखान्यातून रडत निघाली, तेव्हाच घरी आजारपण म्हणून त्या बिचाऱ्यांनी भेट आठवडाभर पुढे ढकलली होती. फोन स्पीकरवर होता.

"मिस्टरांचा ताप गेला का?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"नाही हो," ती म्हणाली. "घरीच आहे अजून."