न गेलेले डॉक्टर परत आले

आचारसंहिता लागली आणि सरकारी इमारतींवरची पुढाऱ्यांची नावं झाका, असं पत्र आलं. हरसूलच्या पलीकडे डोंगरात असलेल्या आरोग्य केंद्राचा शिपाई गोरक्ष याने ते पत्र इतकं मनावर घेतलं, की कोनशिलेवरच्या मंत्र्यांबरोबर दारावरच्या डॉ. शामसुंदर गर्गे यांच्या नावावरही खळ लावून कागद डकवला. सोमवारी डॉक्टर नाशिकहून परतले, तेव्हा पाटीवर त्यांची पदवी तेवढी उरली होती.

"अरे, मी कुठे निवडणुकीला उभा आहे?"

"नाव ते नाव, साहेब. अन् फोटो काढून तालुक्याला धाडलाय. आता कागद काढला तर मलाच नोटीस येईल."

डॉक्टरांनी फारसं ताणलं नाही. अकरा वर्षं ते इथे होते, पत्नी इरा नाशिकला शाळेत शिकवत होती आणि त्यांचा संसार शनिवार-रविवारपुरता चालायचा. त्यांनी नाशिकला बदली मागितली होती. निवडणूक संपली की आदेश काढतो, असा वरिष्ठांनी शब्दही दिला होता. गावाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं, कारण सांगायला डॉक्टरांची जीभच उचलत नव्हती.

गावाने झाकलेली पाटी पाहिली आणि डॉक्टर गेले असं ठरवून टाकलं. हरसूलच्या बाजारात ही बातमी भाजीच्या आधी संपली. दुसऱ्या दिवशी नवसाबाई बीपी तपासायला आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि कानही अधू होते. डॉक्टरांनी पट्टा बांधताच ती हळहळून म्हणाली, "तुम्ही बी बरं हाय, पण पहिल्या डाक्तरचा हात लय हलका व्हता."

"आजी, मीच तो," डॉक्टर ओरडून म्हणाले.

"सगळं नवं असंच म्हणत्यात," ती म्हणाली. डॉक्टरांना हसू आलं आणि त्यांनी पट्टा जमेल तितक्या हलक्या हाताने सोडला.

बुधवारी फाटकाशी शंभरेक माणसं ठिय्या देऊन बसली. मतांचा वास लागताच दोन्ही उमेदवार धावत आले. डॉक्टर बाहेर येऊन मी इथेच आहे म्हणून सांगू लागले, तेव्हा रविराज नावाच्या उमेदवाराने त्यांना चटकन बाजूला घेतलं. तो त्यांना चांगला ओळखत होता.

"डॉक्टर, तुम्ही मधे पडू नका. विषय पेटलाय."

एवीतेवी आरोग्याचा विषय निघालाच आहे म्हणून डॉक्टरांनी संधी साधली. अजून एक डॉक्टर हवा, रुग्णवाहिकेला ड्रायव्हर हवा, मोतीबिंदूचं शिबिर हवं, असं सगळं त्यांनी सांगितलं. रविराजने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"हे सगळं बरोबर आहे हो, पण भाषणात उभं राहत नाही. गेलेला माणूस उभा राहतो."

मग दोघांनीही, गर्गे डॉक्टरांना परत आणू, असं जाहीर वचन दिलं. रविराज निवडून आला.

निकालानंतर तिसऱ्या आठवड्यात आदेश आला. बदलीची फाइल सहीसाठी टेबलावर होती, पण नव्या आमदारांनी स्वतः येऊन ती थांबवली होती. डॉक्टरांना लोकांच्या मागणीवरून तिथेच ठेवलं होतं. त्या भागात निवडणुकीतलं वचन पाळलं जाण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मिरवणूक ठरली. परत आणायचं तर आधी न्यायला हवं, म्हणून डॉक्टरांना जीपमध्ये घालून फाट्यावर नेलं आणि तिथून वाजतगाजत गावात आणलं. बायकांनी ओवाळलं. डॉक्टर रागावायचं ठरवून बसले होते, पण ओवाळणाऱ्या हातांमध्ये त्यांनी सोडवलेल्या बाळंतिणी मोजता मोजता त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

संध्याकाळी कुंकू पुसायचंही विसरून त्यांनी इराला फोन केला आणि चाचरत सगळं सांगितलं. पलीकडून एक हुंदका ऐकू आला.

"मी हा आदेश रद्द करायला सांगतो," ते घाईने म्हणाले. "इरा, रडतेस का?"

"थोडंसं. अकरा वर्षं मी तुला बोलावतेय, आणि त्यांनी एका दुपारीत नेलं," ती म्हणाली. मग तिने नाक ओढलं. "या शनिवारी तू येऊ नकोस. मी येते तिकडे. कोण माणसं आहेत ती, मला बघायचीत."